चार मीटरची रेघ आणि महिंद्राचा शेअर

जळकोटहून उदगीरला ज्यांनी काळीपिवळीने प्रवास केला आहे त्यांना 'युटिलिटी व्हेइकल' ही काय चीज आहे हे वेगळे सांगायला नको. नऊ माणसांच्या गाडीत चौदा माणसे, दोन पोती आणि मागच्या शिडीला लटकलेला एखादा कॉलेजकुमार, तरी गाडी चालते! याच घराण्यातली गाडी जरा देखणी केली, एसी बसवला, रुंद टायर लावले आणि ड्रायव्हरच्या शेजारी तिघांऐवजी एकालाच बसू दिले की तिची 'एसयूव्ही' होते. पहिली गरजेची गाडी, दुसरी हौसेची. आपल्या दृष्टीने फरक एवढाच. पण सरकारच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण हौसेवर कर जास्त लावता येतो. आणि सरकारला तो मोठा वाटतो म्हणून शेअर बाजारालाही वाटतो.

आजकाल होस्टेलमध्ये मोबाइलवर डिमॅट खाते नसलेला मुलगा शोधावा लागतो. बजेट जवळ आले, जीएसटी कौन्सिलची बैठक ठरली, की मेसमध्ये भाजीपेक्षा शेअरचीच चर्चा जास्त. "ऑटोवरचा टॅक्स कमी होणार, शेअर उडणार!" आमच्याच मजल्यावरच्या एका मित्राने अशा एका बातमीवर एका वाहन कंपनीच्या ऑप्शनमध्ये परीक्षा फीचे पैसे लावले. बातमी शंभर टक्के खरी निघाली. पैसे मात्र बुडाले. बातमी खोटी निघून पैसे बुडाले असते तर त्यात समजण्यासारखे काही नव्हते. बातमी खरी असून ते कसे बुडतात, हे कळायचे असेल तर सरकारचे धोरण कारखान्यातून फिरून शेअरच्या भावापर्यंत कसे पोहोचते ते एकदा नीट बघायला पाहिजे.

उदाहरण कोणते घ्यायचे? परदेशात 'रिक्रिएशनल व्हेइकल' म्हटले की चाकांवरचे घर डोळ्यांसमोर येते. आत पलंग, ओटा, संडास, सगळे. अमेरिकेत थॉर, विनेबेगो अशा कंपन्या हेच बनवतात आणि त्यांचे शेअर बाजारात आहेत. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, पण आपल्याकडे अशा गाड्या बहुतेक मिनीबसच्या सांगाड्यावर थोड्या संख्येने बनतात. त्यावर एखाद्या मोठ्या कंपनीचा शेअर हलेल असा तो धंदा नाही. आपल्याकडे हौस म्हणून माणूस जी गाडी घेतो ती थार, स्कॉर्पिओ. तेव्हा आपले उदाहरण महिंद्रा अँड महिंद्रा. १९४५ साली मुंबईत सुरू झालेली, १९४७ पासून विलीज जीप जोडणारी आणि आज नाशिक, चाकणला गाड्या बनवणारी ही कंपनी. चाकणचे नाव घेतले की मेकॅनिकलच्या मुलांचे कान टवकारतात, त्यामुळे विषय अगदीच परका नाही.

आडतीतला भाव

शेअरचा भाव म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या मुलाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. त्याने लातूरची आडत बघितलेली असते. ऑगस्ट २०२१ आठवा. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले होते. केंद्र सरकारने त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पेंड अजून जहाजातही चढलेली नव्हती, तरी भाव गडगडायला लागला. नवा मालही येऊ घातला होता हे खरे, पण व्यापारी जहाजाची वाट बघत बसला नाही. पुढे भाव काय राहील याचा अंदाज त्याने आजच्या बोलीत घातला. जहाज बंदराला लागले तेव्हा भावात नवीन काही घडायचे शिल्लकच नव्हते.

शेअरचे असेच आहे. शेअरचा भाव आज कंपनी किती कमावते यावर ठरत नाही, पुढे किती कमवेल असे लोकांना वाटते त्यावर ठरतो. ढोबळ हिशेब असा: एका शेअरमागे अपेक्षित नफा गुणिले एक 'पट'. समजा एखाद्या कंपनीचा शेअरमागे नफा १०० रुपये आहे आणि बाजार २५ पट द्यायला तयार आहे, तर भाव २,५०० रुपये. सरकारने कर कमी केला, लोकांना वाटले नफा १०८ होईल, आणि त्याच वेळी या कंपनीचे आता बरे दिवस आले असे वाटून पट २७ झाला, तर भाव २,९१६. म्हणजे नफ्याच्या अंदाजात ८ टक्के वाढ आणि भावात जवळपास १७ टक्के. उलट दिशेलाही तसेच. धोरणाची बातमी दोन्ही आकड्यांना एकदम हात घालते, म्हणून शेअर बातमीपेक्षा मोठी उडी मारतो.

आणि नफा ८ टक्के वाढायला विक्री ८ टक्के वाढावी लागते असेही नाही. हा मुद्दा इंजिनिअरिंगच्या मुलांनी नीट बघावा, कारण प्रेस शॉप, पेंट शॉप, रोबोट यांचा खर्च गाड्या कमी विकल्या म्हणून कमी होत नाही. समजा एक छोटा कारखाना महिन्याला १,००० गाड्या बनवतो. एका गाडीमागे कच्चा माल वगैरे जाऊन १ लाख उरतात, म्हणजे १० कोटी. ठरलेला खर्च ६ कोटी. नफा ४ कोटी. आता विक्री १० टक्के वाढली: ११ कोटी वजा ६, नफा ५ कोटी. विक्री १० टक्के वाढली आणि नफा २५ टक्के! विक्री १० टक्के घटली तर नफा ३ कोटी, म्हणजे २५ टक्के खाली. करामुळे गाडी महागली, त्यामुळे दहातल्या एका गिऱ्हाइकाने विचार बदलला, तर कंपनीला त्याचा किती हिसका बसतो ते यावरून कळावे.

आतापर्यंत मी 'कर' हा शब्द सैल वापरला. खरी गंमत कर कोणत्या गाडीवर लागतो या व्याख्येत आहे.

तीन आकडे

२००६-०७ च्या बजेटमध्ये लहान गाड्यांवरची एक्साइज ड्युटी २४ टक्क्यांवरून १६ वर आली. लहान गाडी म्हणजे कोणती? लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १,५०० सीसीपर्यंत. बस्स. ही रेघ ओढली आणि भारतातल्या गाड्यांचा आकारच बदलला. टाटाने इंडिगोची शेपटी छाटून २००८ मध्ये 'सीएस' आणली. मारुतीने २०१२ मध्ये डिझायरचे बूड कापून ती ३,९९५ मिलिमीटरवर आणली. महिंद्रानेही त्याच वर्षी झायलोवरून क्वांटो काढली, चार मीटरच्या आत, दीड लिटर डिझेल. दिसायला ती मागून कोणीतरी आरीने कापल्यासारखी होती आणि फारशी चाललीही नाही. नुसती रेघ सांभाळली की गाडी खपते असे नाही, तिला रूपही लागते! २०१९ च्या एक्सयूव्ही ३०० मध्ये कंपनीने पुन्हा ३,९९५ मिलिमीटर गाठले, पण या वेळी नीट.

दुसरी रेघ आली २८ फेब्रुवारी २०१३ ला. अर्थमंत्री चिदंबरम यांनी बजेटमध्ये एसयूव्हीवरची एक्साइज २७ वरून ३० टक्के केली. कारण सांगितले ते असे की या गाड्या रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये जागा जास्त खातात. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाड्यांना त्यातून वगळले. त्या दिवशी महिंद्राचा शेअर खाली आला. साहजिकच होते, इतर कंपन्या लहान गाड्याही विकत होत्या, महिंद्राचे पोट मात्र युटिलिटी गाड्यांवरच होते. एकच कर, पण एका कंपनीला चिमटा आणि दुसरीला फटका. म्हणून 'ऑटो सेक्टरवर परिणाम' असे जे मथळे येतात त्यांच्यावर मी तरी फार विसंबत नाही.

आता एसयूव्हीची व्याख्या बघा. तीन आकडे: लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त, इंजिन १,५०० सीसीपेक्षा जास्त आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा जास्त. तिन्ही अटी पूर्ण झाल्या तरच तो जास्तीचा कर लागायचा. एकही चुकली तर गाडी एसयूव्ही नाही, 'मोठी कार' ठरायची. महिंद्राच्या इंजिनिअरांनी काय केले असेल? २०१३ मध्येच एक्सयूव्ही ५०० चा ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटरवरून १६० वर आणला! गाडी तीच, इंजिन तेच, पोट फक्त ४० मिलिमीटर खाली, आणि कर ३० ऐवजी २७ टक्के. किंमत खाली आली. बजेटच्या दिवशी ज्यांनी घाबरून शेअर विकला त्यांनी हा सस्पेन्शनचा हिशेब केला नव्हता. करावाही कसा, त्यांच्यात मेकॅनिकलचे किती असतील?

इथे एक जाता जाता. जमिनीपासून गाडी उंच असणे ही चैन आहे असे ज्या कोणाला दिल्लीत वाटले, त्याने पावसाळ्यात आपल्याकडच्या एखाद्या तांड्यावर जाऊन यावे. आपल्याकडे १६० मिलिमीटरची गाडी म्हणजे दर फर्लांगाला चेंबरची काळजी. गंमत म्हणजे फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम बजेटमध्ये मंदी बघून एसयूव्हीवरचा कर ३० वरून २४ वर आला आणि मोठ्या कारचाही २४ झाला, म्हणजे त्या ४० मिलिमीटरचा फायदा काही काळ शून्य. जानेवारी २०१५ पासून जुने दर परत आले. असो. सरकारलाही ही पळवाट कळली होती. भरलेल्या गाडीचे स्प्रिंग दबतात, तेव्हा मोजले तर आकडा कमी येतो. म्हणून जुलै २०२३ मध्ये जीएसटी कौन्सिलने स्पष्ट केले की ग्राउंड क्लिअरन्स गाडी रिकामी असतानाच मोजायचा.

कोर्टाचा एक आदेश

१६ डिसेंबर २०१५. दिल्लीच्या हवेच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या भागात २,००० सीसी आणि त्यावरील डिझेल गाड्यांची नवी नोंदणी थांबवली. सुरुवातीला ३१ मार्च २०१६ पर्यंत. स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० ची इंजिने २.२ लिटरची होती, म्हणजे नेमकी कचाट्यात. शेअर पडला. कंपनीने शेअर बाजाराला कळवले की याचा परिणाम आपल्या एकूण मासिक विक्रीच्या सुमारे २ टक्क्यांवर होईल. मग दोन टक्के विक्रीसाठी एवढी घबराट कशाला? कारण बाजाराला दिल्लीची काळजी नव्हतीच. उद्या हेच मुंबईत झाले तर, पुण्यात झाले तर, ही काळजी होती. मघाच्या हिशेबात सांगायचे तर नफ्याचा आकडा जवळपास तोच राहिला, 'पट' मात्र उतरला.

आणि कंपनीने काय केले? जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीसाठी १.९९ लिटरचे डिझेल इंजिन बाजारात आणले. सीसीची रेघ २,००० ची, इंजिन तिच्या किंचित आत! ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने एक टक्का पर्यावरण शुल्क भरण्याच्या अटीवर बंदी उठवली. ज्या महिनाभरात दलाल लोक अहवाल लिहीत बसले होते त्याच काळात कोणीतरी इंजिन विभागात रात्री जागवून बोअर आणि स्ट्रोकचा हिशेब करत होता, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. धोरण आले की कंपनी हातावर हात धरून बसत नाही. पण बदल करायला वेळ आणि पैसा लागतो, आणि तो प्रत्येक कंपनीकडे सारखा नसतो. म्हणून बातमी ऐकल्यावर पहिला प्रश्न 'कर किती वाढला' हा नसावा, 'या रेघेच्या आत यायला हिला किती महिने लागतील' हा असावा.

जीएसटीचा झोका

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी एसयूव्हीवरचे सगळे कर मिळून ५५ टक्क्यांच्या घरात जात होते. नव्या पद्धतीत २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के सेस, एकूण ४३. महिंद्राने किमती उतरवल्या. सगळे खूश. पण खुशी दहा आठवडे टिकली. मोठ्या गाड्यांवरचा कर आपण चुकून फारच कमी केला असे सरकारच्या ध्यानात आले. ऑगस्टच्या सुरुवातीला सेसची मर्यादा २५ टक्क्यांपर्यंत नेण्याची शिफारस झाली, महिन्याच्या शेवटी वटहुकूम, आणि ९ सप्टेंबरला हैदराबादच्या बैठकीत एसयूव्हीचा सेस २२ टक्के ठरला. एकूण ५०. जुलैमध्ये 'आता कर कमी झाला, कायमचा कमी झाला' असे समजून ज्यांनी पुढच्या पाच वर्षांचा नफा भावात घातला, त्यांना सप्टेंबरमध्ये तो काढून घ्यावा लागला. मला विचाराल तर जास्त करापेक्षा हा झोका वाईट. कर कितीही असो, तो टिकणार हे माहीत असेल तर कारखाना त्याप्रमाणे आखता येतो. नवी गाडी कागदावरून रस्त्यावर यायला तीन-चार वर्षे लागतात, आणि इकडे दहा आठवड्यांत दर बदलतो.

कधी कधी तर धोरण कंपनीबद्दल नसतेच, तरी शेअर हलतो. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशने हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला. महिंद्राकडे तशी गाडी नव्हती, मारुतीकडे होती. ९ जुलैला मारुतीचा शेअर सहा टक्क्यांहून जास्त चढला. १० तारखेला महिंद्राचा सहा टक्क्यांहून जास्त पडला, कारण त्याच सुमारास कंपनीने एक्सयूव्ही ७०० ची किंमत कमी केली होती आणि बाजाराने दोन आणि दोन पाच केले. या सवलतीचा उत्तर प्रदेशच्या निर्णयाशी काही संबंध नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. एका राज्याच्या आरटीओतली पावती आणि नाशिक-चाकणच्या कंपनीचे हजारो कोटींचे मूल्य!

व्याजाचीही एक वाट आहे, ती थोडक्यात सांगतो. हौसेची गाडी बहुतेक कर्जावर घेतली जाते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला, त्याने हप्ता थोडा हलका होतो आणि शोरूमची पायरी चढणारे वाढतात. या बाबतीत अमेरिकेतल्या चाकांवरच्या घरांचे उदाहरण फार बोलके आहे, कारण ती वस्तू नुसती हौसेची, तिच्याशिवाय कोणाचे काही अडत नाही. २०१८ साली तिथे पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के आयात शुल्क लागले, त्या वर्षी व्याजदरही चढत होते आणि डीलरांकडे गाड्या पडून होत्या. या सगळ्यात थॉरचा शेअर वर्षभरात निम्म्याहूनही खाली आला. मार्च २०२० मध्ये कोरोनात तो आणखी कोसळला. पण मग सरकारने मदतीचे चेक वाटले, व्याज जवळपास शून्यावर आले, विमाने आणि हॉटेले बंद म्हणून लोक स्वतःच्या गाडीने फिरायला निघाले, आणि तोच शेअर काही महिन्यांत तिपटीच्या पुढे गेला. गरजेच्या वस्तूचा धंदा इतका वरखाली होत नाही. महिंद्राला इथे एक टेकू आहे. ही कंपनी देशातली सर्वांत मोठी ट्रॅक्टर उत्पादक आहे, त्यामुळे एसयूव्हीला फटका बसला तरी पाऊसपाणी बरे आणि हमीभाव बरा असला की ट्रॅक्टरची बाजू सावरून धरते. म्हणजे आपल्या बांधावरच्या तुरीचाही त्या शेअरच्या भावात कणभर वाटा आहे.

२०२५ च्या तीन तारखा

आता त्या मित्राच्या प्रश्नाकडे येऊ, बातमी खरी असून पैसे का बुडतात. त्यासाठी २०२५ चे उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे.

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीत सुधारणा करू असे जाहीर केले. शुक्रवार, बाजाराला सुटी. सोमवारी १८ तारखेला वाहन कंपन्यांचे शेअर जोरात उघडले. दर किती होणार हे कोणालाच माहीत नव्हते. ३ सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय आला: लहान गाड्यांना १८ टक्के, मोठ्या गाड्यांना सरसकट ४० आणि सेस रद्द. ४ तारखेला महिंद्राचा शेअर पुन्हा सुमारे सहा टक्के वाढला. प्रत्यक्ष नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला.

दरम्यान शोरूममध्ये काय चालले होते? उलटेच. पुढच्या महिन्यात गाडी स्वस्त होणार हे कळल्यावर आज कोण घेईल? कंपनीनेही डीलरांकडे माल कमी पाठवला. ऑगस्टमध्ये महिंद्राची एसयूव्ही विक्री आदल्या वर्षापेक्षा ९ टक्के कमी झाली. विक्री खाली आणि शेअर वर! नुसते विक्रीचे आकडे बघणाऱ्याला वाटले असते की बाजाराला वेड लागले आहे. पण आडतीतला व्यापारी हसला असता. ऑक्टोबरमध्ये विक्री ७१ हजारांच्या वर गेली, आदल्या वर्षापेक्षा ३१ टक्के जास्त, तेव्हा भावात ती बातमी दोन महिने जुनी होती.

त्यातही परत तीच चार मीटरची रेघ. थारच घ्या. २०२० च्या नव्या थारची लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे लांबीत ती लहान गाडीच. पण इंजिन २.२ लिटर डिझेल, म्हणून कर मोठ्या गाडीचा. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तिच्यात दीड लिटरचे डिझेल इंजिन घातले, चारऐवजी दोनच चाकांना ताकद दिली, आणि थार ९.९९ लाखांपासून मिळायला लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये या दीड लिटरच्या थारवरचा कर ३१ वरून १८ झाला, किंमत १.३५ लाखांपर्यंत उतरली. २.२ लिटरच्या फोर-व्हीलवाल्या थारवरचा ४८ वरून ४० झाला, ती १.०१ लाखांपर्यंत उतरली. टक्केवारी काढून बघा. कारखान्यातून १० लाखांची गाडी निघाली असे धरले तर पहिल्या प्रकारात १३.१ लाखांचे ११.८ होतात, दहा टक्के स्वस्त. दुसऱ्यात १४.८ चे १४, साडेपाच टक्केसुद्धा नाही. आपल्या गावोगावची बोलेरोसुद्धा पहिल्या गटात, ३१ वरून १८. म्हणजे महिंद्राला किती फायदा, याचे उत्तर त्यांच्या किती गाड्या रेघेच्या अलीकडे आहेत आणि किती पलीकडे, यात होते. ज्यांनी ही वाटणी आधीच करून ठेवली होती त्यांनी १८ ऑगस्टच्या आधी किंवा त्या दिवशी शेअर घेतले. टीव्हीवर ठळक अक्षरे बघून सकाळी सव्वानऊला धावणारा माणूस त्यांचाच माल चढ्या भावाने घेत होता.

ऑप्शनमध्ये तर आणखी एक गोम आहे. कॉल ऑप्शन म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, आणि त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. मोठी बातमी येणार असते तेव्हा काय होईल याची अनिश्चितता असते, म्हणून प्रीमियम फुगलेला असतो. बातमी आली की अनिश्चितता संपली, हवा गेली. शेअर दोन टक्के वर जाऊनही प्रीमियम निम्मा होऊ शकतो, आणि तारीख जवळ येईल तसा तो रोज झिजतो. आमच्या मित्राचे नेमके हेच झाले. बातमी आल्यावर सकाळी फुगलेल्या भावात घेतले, शेअर तिथेच घुटमळला, गुरुवारपर्यंत कॉलची कवडी झाली. तो एकटा नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एवढा निकाल तर आपल्या एम-थ्रीचाही लागत नाही, तोही नापासांचा!

शेअर नुसता घेऊन ठेवणे ही वेगळी गोष्ट. मार्च २०२० मध्ये महिंद्राचा शेअर ३०० रुपयांच्या खाली होता, २०२४ मध्ये तो ३,००० पर्यंत पोहोचला. या चार वर्षांत एसयूव्हीवरचा कर एक पैशानेही कमी झालेला नव्हता. ऑक्टोबर २०२० नंतरची थार, मग एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन यांच्यासाठी लोक महिनोन्‌महिने रांगेत थांबले, आणि कंपनीने तोट्यातले काही परदेशी धंदे सोडून दिले. तेव्हा सरकारी धोरणाने शेअर हलतो हे खरे, पण दहा पट होतो तो गाडीमुळे. धोरणाचा हिसका दिवसांत आणि आठवड्यांत मोजायचा, गाडीचा वर्षांत.

सध्या ज्या धोरणाकडे वाहन कंपन्या डोळे लावून आहेत ते कराचे नाही, इंधनाचे आहे. कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांचे सरासरी कार्बन उत्सर्जन ठरावीक मर्यादेत ठेवायचे, असा 'कॅफे' नावाचा नियम आहे आणि त्याचा पुढचा टप्पा एप्रिल २०२७ पासूनचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या मसुद्यात लहान पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली होती: लांबी चार मीटरच्या आत, इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि वजन ९०९ किलोपर्यंत. लहान गाड्या विकणाऱ्या मारुतीला ती हवी होती; महिंद्रा आणि टाटाने विरोध केला, कारण एवढ्या हलक्या गाड्या त्यांच्याकडे जवळपास नाहीतच. लोखंडी चौकटीवर बांधलेली थार या वजनाच्या दीडपटीहून कितीतरी जड आहे. सीसी कमी करता येतो, शेपटी कापता येते, पोट ४० मिलिमीटर खाली आणता येते. वजनाचे तसे नाही. त्याला ॲल्युमिनियम लागते किंवा बॅटरी लागते, आणि म्हणूनच महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या चाकणला बनणाऱ्या दोन इलेक्ट्रिक गाड्या काढल्या. सरासरी काढताना एक इलेक्ट्रिक गाडी कितीतरी डिझेल गाड्यांचा धूर पोटात घालते.